मोडलेल्या घराचें लांकूड

मराठींत ‘कपाट’ हा शब्द आज ज्या अर्थानें रूढ आहे, तो त्याचा मूळचा अर्थ नव्हे. संस्कृतांत कपाट म्हणजे दाराची फळी. भांडीं, वह्या, पुस्तकें ठेवण्याच्या वस्तूला हें नांव मागाहून मिळालें. शब्दानें केलेला हा प्रवास खानदेशांतील सुतारांच्या हातून प्रत्यक्ष लांकडानेंहि अनेकदां केला आहे. जुनें घर उतरलें, त्याचें दार निघालें, दारामागें चौकट व चार फळ्या जोडल्या, कीं भिंतीशीं उभें राहिलें तें कपाट झालें. नवें लोखंड लागे तें बिजागऱ्यांपुरतें. कारण जुनीं दारें खालीं-वर काढलेल्या लांकडी खुंटांवर फिरत.

बाकीच्या सामानाचीं नांवेंहि पाहण्यासारखीं आहेत. खुर्ची अरबी-फारशीच्या वाटेनें आली, अलमारी पोर्तुगिजांकडून, टेबल इंग्रजांकडून. घरांत पूर्वींपासून होतें तें पाट, चौरंग, देव्हारा, घडवंची, पलंग, पाळणा आणि झोपाळा एवढेंच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कचेरी, शाळा व वकिली यांच्या पाठोपाठ टेबल-खुर्ची मध्यम वर्गाच्या घरांत शिरली, आणि तिला लागणारें लांकूड आणावयाचें कोठून, हा प्रश्न उभा राहिला. खानदेशानें त्याचें उत्तर बऱ्याच अंशीं झाडांत न शोधतां घरांत शोधलें.

हें कां शक्य झालें, तें कळण्यासाठीं तिकडचें जुनें घर डोळ्यांपुढें आणावयास हवें. तापीचें खोरें कोरड्या हवेचें व कडक उन्हाचें. येथील घर कोंकणांतल्यासारखें उतरत्या छपराचें नव्हे, तर धाब्याचें. म्हणजे वर सपाट मातीचें छप्पर. खालीं सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, आणि त्या सर्वांवर चोपून बसविलेली माती. ही माती उन्हाळ्यांत घर थंड ठेवते, पण पावसांत भिजली कीं फार जड होते. तो भार पेलण्यासाठीं खालचें लांकूड दांडगेंच असावें लागे. घराचा आकार खोल्यांनीं न सांगतां खणांनीं सांगत. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. पुढें याच लांकडाचें टेबल झालें, तेव्हां त्याच्या पोटांतल्या ओढून काढावयाच्या कप्प्यालाहि मराठींत खणच म्हणूं लागले. भाषा अशा ठिकाणीं उगीच विनोद करीत नाहीं.

लांकूड दूरचें नव्हतें. सातपुड्याच्या रांगा, अक्राणीचा डोंगराळ मुलूख, नवापूरकडील रानें ही सागाचीं माहेरघरें. सागाखेरीज शिसव, अंजन, धावडा, तिवस हीं झाडें डोंगरांत, आणि सपाटीवर बाभूळ. कोणतें लांकूड कशाला, हें ठरलेलें असे. चाकाला व नांगराला बाभूळ, घराला साग. अंजन इतका कठीण आणि जड, कीं हत्यारांचीच परीक्षा पाहतो.

या भक्कम घरांचें लांकूड मोठ्या प्रमाणावर मोकळें झालें, याला छपराच्या बदलाचा मोठा हातभार लागला. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, आणि पुढें त्या धर्तीचीं चपटीं कौलें सर्व पश्चिम हिंदुस्थानांत पसरलीं. पन्हाळी पत्राहि आला. कौलाला किंवा पत्र्याला मातीइतका आधार नको, बारीक वासे पुरतात. धाब्याचें घर उतरवून त्याच जागीं कौलारू घर उभें केलें, कीं जुन्या लांकडापैकीं पुष्कळसें शिलकेस पडे. जाड तुळई दोघांनीं ओढण्याच्या करवतीखालीं चिरली, कीं तिच्या फळ्या होत. घर फिरलें कीं घराचे वासेहि फिरतात, ही म्हण दैवाच्या फेऱ्याबद्दल आहे. येथें ती अक्षरशः खरी झाली, आणि फिरलेल्या वाशांनीं कोणाचें वाईटहि केलें नाहीं.

उतरलेलें लांकूड पारखणें ही एक स्वतंत्र विद्या आहे. सागाच्या गाभ्यांत तेल असतें, म्हणून वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. बाहेरच्या पांढुरक्या भागाला मात्र तें संरक्षण नसतें. तुळईचें जें टोक भिंतींत गेलेलें असतें, तेथें ओल धरलेली असते. तें प्रथम कापून टाकावयाचें. मग मधला भाग ठोकून ऐकावयाचा. भरीव लांकूड खणखणीत बोलतें, आंतून पोखरलेलें बद्द वाजतें. स्वयंपाकघरावरची तुळई धुरानें काळीठिक्कर झालेली असते, पण त्या धुरानेंच तिला किडीपासून राखलेलें असतें. तिच्यावरून रंधा दोन-चार वेळां फिरला, कीं खालून मधासारखा रंग निघतो.

जुन्या लांकडाचा खरा गुण मात्र रंगांत नाहीं. नवा साग कापला, कीं त्याच्यांतली ओल जाईपर्यंत तो दीर्घ काळ ठेवून द्यावा लागतो. घाई केली तर फळी वांकते आणि सांधा उघडतो. साठ-सत्तर वर्षें छपराखालीं काढलेल्या तुळईचें आकुंचन केव्हांच पुरें झालेलें असतें. तिच्या फळ्यांचें टेबल केलें तर पावसाळ्यांत त्याचा खण अडकण्याची भीति पुष्कळच कमी. उलट बाजूहि आहे. अशा तुळईला जागोजाग खाचा असतात. कोठें कडीचें कुसूं बसलेलें, कोठें खुंटीचें भोंक. कुशल सुतार त्यांत डट्टा ठोकून तोंड बुजवितो किंवा ती बाजू आंत घेतो. वस्तूचें माप मालकाच्या इच्छेनें ठरत नाहीं, हाताशीं असलेल्या लांकडानें ठरतें. दार साडेपांच फूट उंच, तर कपाटहि तेवढेंच! पुस्तकांतील नकाशा पाहून घडविलेल्या सामानाशीं तुलना केली, तर अशा वस्तूंत एक प्रकारचा आडमुठेपणा दिसतो; परंतु तिला पाहतांच ती पूर्वीं काय होती हें ओळखतां येतें, ही गोष्ट कांहीं कमी मोलाची नव्हे.

हें सर्व ज्या एका बारीक गोष्टीवर अवलंबून होतें, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. जुन्या घरांतले सांधे मुख्यतः कुसूं व खाच यांचे, आणि ते पक्के करावयाचे तर लांकडी खुंटीनें. खुंटी ठोकून बाहेर काढली, कीं सांधा सुटतो आणि दोन्ही लांकडें शाबूत राहतात. घर बांधणारानेंच जणूं तें एक दिवस उतरवावें लागेल, असें गृहीत धरलेलें होतें. खिळ्यांनीं ठोकून बसविलेलें घर पहारीनें उचकटावें लागतें, आणि त्यांत फळ्या चिरफळतात.

जुन्या लांकडाविषयीं लोकांच्या मनांत शंका नव्हती असें नाहीं. एका इमारतीचें सामान दुसऱ्या इमारतींत घालूं नये, असा निषेध ‘मयमता’सारख्या शिल्पशास्त्रावरील ग्रंथांतून आढळतो. परंतु तो वास्तूपुरता आहे. तुळईची पुन्हां तुळई करण्यास जो कचरतो, त्याला तिचा चौरंग किंवा टेबल करण्यास हरकत वाटूं नये. सामान करण्याची प्रथा फोफावली, तिला या भेदाचाहि थोडा आधार मिळाला असल्यास नवल नाहीं.

१८६० नंतरच्या दशकांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशांतून गेली, भुसावळ हें मोठें ठाणें झालें, आणि १८७० सालीं मुंबईहून जबलपूरवरून कलकत्त्यापर्यंतचा मार्ग जोडला गेला. रुळाखालचा एक लांकडी स्लीपर ९ फूट लांब, १० इंच रुंद आणि ५ इंच जाड. म्हणजे तीन घनफुटांहून थोडें अधिक लांकूड. असे मैलामागें दोन हजारांच्या आसपास, आणि तेहि कांहीं वर्षांनीं बदलावयाचे. ही भूक भागविण्यासाठीं देशांतलीं रानें झपाट्यानें तुटूं लागलीं. १८६४ सालीं सरकारी जंगलखातें स्थापन होऊन ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचा प्रमुख झाला, आणि १८६५ व १८७८ सालीं जंगलाचे कायदे झाले, त्यांमागें रेल्वेची ही गरज मोठी होती. रानें राखीव झालीं, साग परवान्यावांचून मिळेनासा झाला, आणि अर्थातच घरांतल्या जुन्या तुळईचा भाव चढला.

बाद झालेला स्लीपर हेंहि मग एक लांकूडच. पण तो घराच्या तुळईइतका सरळ स्वभावाचा नव्हे. रुळ बसतो ती जागा दबलेली, तेथेंच खिळ्यांचीं भोंकें, टोकें ऊन-पावसानें फाटलेलीं. चांगला राहतो तो दोन रुळांमधला भाग, आणि रुळांतलें अंतर ५ फूट ६ इंच. म्हणजे स्लीपरचें बाक केलें, तर तें पांच फुटांच्या आसपास लांब होणार हें रेल्वेनेंच ठरवून ठेवलेलें! शिवाय ज्या स्लीपरांना टिकाऊपणासाठीं डांबरी तेल पाजलेलें असतें, त्यांचा उग्र वास वर्षानुवर्षें जात नाहीं आणि तें तेल अंगाला अपायकारकहि असतें. असलें लांकूड कुंपणाला ठीक. तें स्वयंपाकघरांत आणणें किंवा चुलींत जाळणें धोक्याचें. पुढें लोखंडी व मग सिमेंटच्या स्लीपरांनीं लांकडाची जागा घेतली.

रेल्वेनें आणखी एक वस्तु घराघरांत पोंचविली, ती राॅकेलचें खोकें. परदेशांतून येणारें राॅकेल चार-चार गॅलनांच्या पत्र्याच्या डब्यांतून येई, आणि असे दोन डबे एका लांकडी खोक्यांत बसविलेले असत. डब्यांचे पुढें काय झालें हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक होतें: कोणाची बादली झाली, कोणाचें धान्याचें भांडें, कोणाची चिमणी. खोक्याचें लांकूड हलकें, मऊ, पातळ. सागापुढें त्याची काय प्रतिष्ठा? तरीहि दोन खोकीं एकावर एक आडवीं ठेवलीं कीं पुस्तकांची मांडणी झाली, आणि एक उपडें घातलें कीं विद्यार्थ्याचें मेज झालें. ‘देवदारी खोकें’ या शब्दांत गरिबीचा वास आहे, आणि पाहुणे आले कीं त्यावर चादर टाकण्याची पद्धतहि होती.

गंमत अशी, कीं याच सुमारास युरोपांतला एक नामांकित कारागीर या चादरीखालची वस्तु उघड्यावर मांडीत होता. हाॅलंडमधील गेरिट रीटफेल्ट यानें १९३४ सालीं खोक्यांच्या साध्या लांकडाच्या फळ्यांपासून खुर्ची, मेज व पुस्तकांची मांडणी तयार केली, आणि ॲमस्टरडॅमच्या एका प्रसिद्ध दुकानानें ती सुट्या भागांत विकावयास ठेवली. घेणारानें घरीं नेऊन स्क्रूंनीं जोडावी. मंदीचा काळ होता. फळीवर रंग नाहीं, कोरीव काम नाहीं, सांधा लपविण्याचा प्रयत्न नाहीं. पुढें महायुद्धांत लांकडाची टंचाई पडली, तेव्हां इंग्लंडांत १९४२ पासून सरकारनेंच साध्या सामानाचे ठराविक नमुने ठरवून दिले, आणि नवविवाहितांना व बाँबनें घर गेलेल्यांना तें सामान परवान्यावर मिळूं लागलें. गरज हीच तेथेंहि गुरु होती. पण ती लपवावी कीं मिरवावी, हा प्रश्न रुचीचा आहे, आणि तो खानदेशांत रीटफेल्टच्या खुर्चीनंतर दोनच वर्षांनीं सर्व देशासमोर मांडला गेला.

काँग्रेसचें पन्नासावें अधिवेशन २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजीं त्या वेळच्या पूर्व खानदेश जिल्ह्यांत, यावल तालुक्यांतील फैजपूर येथें भरलें. खेड्यांत भरलेलें हें पहिलें अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनीं त्याच्या सिद्धतेसाठीं जिवाचें रान केलें. तें यशस्वी व्हावें म्हणून साने गुरुजीहि झटले. शहरांतील अधिवेशन म्हणजे कापडी मंडप, भाड्याच्या खुर्च्या, बाकें आणि झालरी. १९२१ सालीं अहमदाबादेस प्रतिनिधींच्या खुर्च्या काढून बैठक जमिनीवर आणली गेली होती, तेव्हां सामानाचा एक मोठा बोजा गेलाच होता. आतां सबंध नगरच उभारावयाचें होतें, आणि गांधीजींची अट अशी, कीं तें खेड्यांत मिळणाऱ्या वस्तूंनीं आणि खेड्यांतल्या हातांनीं उभें राहावें.

या कामासाठीं त्यांनीं शांतिनिकेतनांतील कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांना पाचारण केलें. त्याच वर्षीं लखनौच्या अधिवेशनाच्या वेळीं नंदलालबाबूंनीं कलाप्रदर्शन मांडलें होतें. पण तेथें भिंती तयार होत्या आणि चित्रें टांगावयाचीं होतीं. येथें मोकळें शेत होतें. वास्तुशिल्पज्ञ म्हात्रे यांच्या साहाय्यानें बांबू, गवत, चटया, दोरखंड यांतून टिळकनगर उभें राहिलें. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठीं मोटार नव्हती, बैलांनीं ओढावयाचा सजविलेला रथ होता. खानदेशांतल्या शेतकऱ्याला या नगरांत नवी अशी एकहि वस्तु दिसली नसेल. दिसली असेल ती मांडणी. २५ डिसेंबर रोजीं खादी व ग्रामोद्योगांचें प्रदर्शन उघडतांना गांधीजींनीं या रचनेचें श्रेय म्हात्रे व नंदलालबाबू या दोघांना दिलें; कलेची जाण आपल्याला असली तरी तिला आकार देणारे हात देवानें दिलेले नाहींत, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं काढले.

टिळकनगराचा माल मोडीचा नव्हता हें खरें. परंतु मोडीचें लांकूड वापरणाऱ्या सुताराचा आणि नंदलालबाबूंचा प्रश्न एकच होता: हाताशीं जें आहे तें कमी न लेखतां त्याचें काय होऊं शकेल, आणि काम सरल्यावर तें कोठें जाईल? त्याचें उत्तरहि एकच होतें, आणि तें सांध्यांत होतें. बांबूला खिळा मारला कीं तो उभा फुटतो. दोरीनें बांधला, तर गांठ सोडतांच जसाच्या तसा हातीं येतो. मंडप उतरला कीं बांबू पुन्हां कुंपणाला लागतो, चटई पुन्हां अंथरतां येते, गवत गुरांपुढें जातें. जुन्या वाड्यांतली खुंटी आणि फैजपूरची दोरी या एकाच घराण्यातल्या. अनेकांच्या मनांत फैजपूरची आठवण आहे ती ठरावांची, शेतकरी-कार्यक्रमाची आणि लोटलेल्या गर्दीची. कलेच्या इतिहासांत १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठीं नंदलालबाबूंनीं काढलेल्या चित्रांचा बोलबाला अधिक, कारण चित्रें उरतात. उतरविण्यासाठींच बांधलेल्या नगराचें कौतुक टिकविणें कठीण, आणि हा अन्याय दूर करण्याजोगा आहे.

सुटणाऱ्या सांध्याची किंमत खानदेशाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेकडील डोंगरांत, फार निराळ्या प्रसंगीं कळली. नर्मदेवरील सरदार सरोवराच्या पाण्याखालीं अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतलीं ३३ गांवें यावयाचीं होतीं. हे तालुके तेव्हां धुळे जिल्ह्यांत होते, १९९८ पासून नंदुरबारांत आहेत. मणिबेली हें त्यांतलें अगदीं पहिलें. तेथील भिल्ल व पावरा लोकांचीं घरें म्हणजे सागाचे खांब, तुळया, आणि बांबूच्या कुडाच्या भिंती. जमीन नेतां येत नाहीं, नदी नेतां येत नाहीं. अनेक कुटुंबांनीं घर उतरवून त्याचें लांकूड बरोबर नेलें, आणि पुनर्वसनाच्या सपाट जागेवर तेंच पुन्हां उभें केलें. नव्या गांवीं तसा साग रानांतून आणण्याची सोय नव्हती. आजोबांनीं रोवलेला खांब हीच तेथें जुन्या गांवाची खूण. आज शहरांतले लोक ज्याला हौसेनें ‘जुनें लांकूड’ म्हणतात, तें अशा घरीं शेवटची पुंजी असतें, हें विसरून चालणार नाहीं.

हौसेचा बाजार मात्र आतां भरभराटला आहे. महाराष्ट्रांतले जुने वाडे उतरतात, आणि त्यांचें लांकूड मोठ्या शहरांतल्या दुकानांत, उपाहारगृहांत, शेतघरांत जाऊन पोंचतें. चादर टाकून झांकावयाची वस्तु चौकांत मांडावयाची झाली, ही रुचींतली क्रांति चांगलीच. पण तिच्याबरोबर हिशेबहि उलटला. पूर्वीं घर पडे, आणि त्याच्या लांकडाचें टेबल होई. आतां टेबलाला भाव आहे म्हणून घर पाडण्याचा मोह होतो. वारसदार आठ, वाडा एक, दुरुस्तीला पैसा नाहीं, आणि खांबांना गिऱ्हाईक दारांत उभें. अशा वेळीं जें घर आणखी पन्नास वर्षें उभें राहिलें असतें, तेंहि उतरतें. शिवाय घर सबंध जात नाहीं, त्याचे तुकडे पडतात. नक्षीचा खांब नगावर विकला जातो, साधी तुळई घनफुटावर. नक्षीच्या खांबाचा दिवा होतो आणि त्याच्या पोटांतून वीजेची तार जाते. तो कोणत्या गांवचा, कोणत्या ओसरीचा, हें विकणाऱ्यालाहि सांगतां येत नाहीं.

दुसरीकडे सामान्य घरांतलें नवें सामान भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचें आणि डिंकानें चिकटविलेल्या पातळ पापुद्र्यांचें झालें आहे. तें स्वस्त आहे, हलकें आहे, दिसावयास नीटनेटकें आहे. पाणी लागलें कीं फुगतें, आणि एकदां सुटलेला त्याचा स्क्रू त्याच भोंकांत पुन्हां धरत नाहीं. त्याचें दुसरें कांहीं होत नाहीं.

वाडा उतरून नक्षी व तुळया गेल्या, कीं जागेवर उरतात ते आंखूड तुकडे: भिंतींतलीं कापलेलीं टोकें, फुटक्या फळ्या, दाराचे अडसर. त्यांना शहरांत कोणी विचारीत नाहीं. ते गांवच्या सुताराकडे जातात. तो कुजका भाग वाकसानें तासून काढतो, आंतला गाभा शाबूत आहे कीं नाहीं तें ठोकून पाहतो, आणि दीड हात लांबीचा तुकडा निघाला तर त्याचा पाट करतो.